कोल्हापूरचं रायडिंग सामान जोधपूरच्या उन्हात: काय न्यावं, काय विकून जावं

कोल्हापुरात जॅकेट, बूट, ग्लोव्हज काहीही घेताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न एकच विचारतं: पाणी आत शिरतं का? गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे बावडा, आंबा, राधानगरी या बाजूला गाडी काढणाऱ्याचा हा प्रश्न रास्तच आहे. पण हाच माणूस बदलीवर जोधपूर-बाडमेरकडे निघाला, कोणी बँकेत, कोणी सैन्यात, कोणी पचपदराच्या रिफायनरीवर, की पाणी अडवणारं तेच सामान त्याच्या मुळावर उठतं. जोधपुरात वर्षाचा पाऊस चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि मे महिन्यात पारा ४२ ते ४५. तिथून फार लांब नसलेल्या फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंशांची नोंद झाली.

इथे एकेका वस्तूची परीक्षा त्या उन्हाच्या हिशेबाने केली आहे. ब्रँडची नावं मुद्दाम टाळली आहेत. एकाच ब्रँडच्या दोन जातींच्या जॅकेटांत जितका फरक असतो, तितका दोन ब्रँडच्या एकाच जातीच्या जॅकेटांत नसतो. जात कळली की ब्रँड खिशाप्रमाणे निवडता येतो.

जॅकेट

सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. पहिली जात म्हणजे बाहेरच्या कापडालाच वॉटरप्रूफ पडदा चिकटवलेलं, बारमाही म्हणून विकलं जाणारं जॅकेट. आंबा घाटात याला तोड नाही. पण त्या पडद्यातून वाफ थोडीफार जाते, वारा जात नाही. व्हेंट (हवेसाठीच्या चेनच्या फटी) उघडले तरी वारा चार पट्ट्यांपुरताच आत येतो, बाकीचं अंग बंद डब्यात. जोधपूरला हे न्यायचंच नाही. मेअखेरीला कोल्हापुरात विकायला काढा, पावसाच्या तोंडावर गिऱ्हाईक आपणहून येतं.

दुसरी जात तीन थरांची: बाहेर जाड पॉलिस्टर, आत काढता येणारं रेन लायनर आणि थर्मल लायनर. कोल्हापूरच्या पावसात हे खरं तर डोकेदुखीच असतं, कारण पाणी लायनरपाशी अडतं आणि बाहेरचं कापड पिऊन जड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच ओलं जॅकेट अंगावर चढवायचं. पण दोन्ही लायनर काढल्यावर उरणारा बाहेरचा थर जोधपूरला कामाचा ठरू शकतो. अट एकच: छातीवर दोन, दोन्ही बाह्यांवर एकेक आणि पाठीवर हवा बाहेर पडायला दोन अशा मोठ्या चेनच्या खिडक्या हव्यात. पाठीवर खिडकी नसेल तर पुढच्या खिडक्या उघडून उपयोग नाही, आत आलेला वारा अडकून जॅकेट फुगतं एवढंच.

तिसरी जात मेश, म्हणजे जाळीदार कापडाचं जॅकेट. राजस्थानला चाललोय म्हटलं की कट्ट्यावरचा प्रत्येक जण मेश घे म्हणून सांगतो. हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि चुकतो तो नेमका सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत.

त्वचेचं तापमान साधारण ३४-३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता काढून नेतो, म्हणून कोल्हापुरात मार्च-एप्रिलला मेश घालून सकाळी निघालं की सुख वाटतं. हवा ४३ वर गेली की गणित उलटं होतं. जितका वारा जास्त, तितकी उष्णता अंगात जास्त. मग थंडावा फक्त घाम वाळल्याने मिळतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे शरीराची सोय उत्तम आहे. पण ८० च्या वेगाने मेशमधून घुसणारी कोरडी लू (उन्हाळ्यातला तापलेला वारा) घाम अंगावर टिकूच देत नाही. बनियन कोरडं, पाठ कोरडी. इथला माणूस घाम दिसला की पाणी पितो. तिथे घाम दिसतच नाही, म्हणून पाणी पिणंही राहून जातं. संध्याकाळी हेल्मेटच्या पट्ट्यावर आणि कॉलरवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठतात, तेव्हा कळतं अंगातून किती गेलं ते.

म्हणून मेशचा निकाल ऋतूप्रमाणे आणि अंतराप्रमाणे लावावा लागतो. शहरात वीस मिनिटं ऑफिसला जायचं, सिग्नलला थांबत-थांबत, तर मेच्या दुपारीही मेशच बरं. जुलै ते सप्टेंबर पारा ३४-३७ ला असतो, तेव्हा दिवसभरही मेशच. मे-जूनमध्ये हायवेवर तासाच्या वर चालवायचं असेल तर खिडक्यांचं जॅकेट, पुढच्या खिडक्या अर्ध्या उघड्या, मागच्या पूर्ण, आणि आत ओला थर. ओला सुती टी-शर्ट मेशखाली हायवेवर पंधरा-वीस मिनिटांत खडखडीत वाळतो. तोच अर्ध्या बंद जॅकेटखाली पाऊण तास ते तासभर ओल धरतो. एकच जॅकेट घ्यायची ऐपत असेल तर खिडक्यांचं घ्या, आणि पावसासाठी वरून चढवायचा साधा रेनकोट ठेवा. जोधपुरात पाऊस कमी असला तरी जुलै-ऑगस्टात पडतो तेव्हा झोडपतो.

घेताना दोन लेबलं वाचा. एक, कपड्याच्या टिकाऊपणाचं: ईएन १७०९२ हे युरोपीय मानक, त्यात ट्रिपल ए, डबल ए आणि ए असे उतरते दर्जे. मेश बहुतेक ए मध्ये येतं. खांदा आणि कोपर या दोन जागी तरी मेशऐवजी जाड विणीचं कापड आहे का ते हाताने चाचपून बघा, कारण घसरल्यावर रस्त्याला आधी त्याच जागा लागतात. दुसरं लेबल आर्मरवरचं, म्हणजे जॅकेटच्या आतल्या खिशांत बसवलेल्या धक्का शोषणाऱ्या गाद्यांवरचं, आणि ते दुकानात सहसा कोणी बघत नाही. ईएन १६२१ मध्ये लेव्हल १ आणि लेव्हल २ असतात हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण त्यात टी प्लस नावाची ऐच्छिक चाचणीही आहे, ४० अंशांना तापवून धक्का द्यायची. मऊ, वाकणारं आर्मर उन्हात आणखी मऊ पडतं आणि धक्का कमी शोषतं. उन्हात उभ्या गाडीवर टाकलेलं जॅकेट ४० च्या कितीतरी पुढे जातं. आर्मर खिशातून बाहेर ओढा, त्यावर उमटवलेल्या छापात टी प्लस असेल तरच ते वाळवंटासाठी घ्या. नसेल तर नुसतं आर्मर बदलून मिळतं, जॅकेट नाकारायची गरज नाही.

रंग करडा किंवा मातकट. चिखल दिसू नये म्हणून कोल्हापुरात काळा खपतो. तिथे काळा तापतो आणि वर धूळही सगळ्यात जास्त त्याच्यावरच दिसते.

कूलिंग व्हेस्ट

ही वस्तू, म्हणजे अंग थंड ठेवायला जॅकेटच्या आत घालायची बंडी, कोल्हापुरात कोणी वापरून बघितली असेल तर त्याने नक्की शिव्या घातल्या असतील. जुलैत इथे २६ अंश आणि ९० टक्के दमटपणा. अशा हवेत ओलं कापड जेमतेम एक-दीड अंशाने उतरतं आणि उरतो नुसता चिकचिकाट. जोधपूरला मेच्या दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के. तिथे ओल्या कापडाचं तापमान २२-२३ पर्यंत खाली येऊ शकतं. वस्तू तीच, निकाल दोन टोकांचे. या सगळ्या यादीत एकाच वस्तूवर पैसे घालायचे असतील तर यावर घाला.

पण यातही तीन जाती आहेत. गोधडीसारखं शिवलेलं, आत पाणी धरणारे तंतू भरलेलं व्हेस्ट सगळ्यात बरं. पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवायचं, पिळायचं नाही, दोन्ही तळव्यांत दाबून जास्तीचं पाणी काढायचं. अर्धा ते पाऊण लिटर पाणी त्यात राहतं. पिळलं तर शिवण उसवते आणि तंतू एका कोपऱ्यात गोळा होतात, मग पाठीचा मधला भाग कोरडा राहतो. दुसऱ्या जातीत पाणी पिऊन फुगणारे दाणे असतात. थंडावा मिळतो, पण ते पूर्ण सुकायला फार वेळ घेतात. ओलं असतानाच डिकीत कोंबलं की दोन दिवसांत वास मारतं. तिसरी जात बर्फाच्या किंवा मेणासारख्या पाकिटांची. फ्रीजमधून काढली की साधारण दोन तास चालतात, त्यानंतर ते नुसतं वजन. कारखान्यात भट्टीजवळ उभं राहणाऱ्याला ठीक, हायवेवर नाही. पोखरणच्या ढाब्यावर कुणाच्या फ्रीजरमध्ये ठेवणार?

व्हेस्टवर मेश घातलं तर पाणी अर्ध्या-पाऊण तासात उडतं. वर खिडक्यांचं जॅकेट असेल तर दीड-दोन तास मिळतात. म्हणजे पेट्रोलच्या थांब्यापर्यंत निभावतं. व्हेस्टखाली पातळ सिंथेटिक बनियन ठेवा, सुती ठेवलं तर ते पाणी पिऊन घेतं आणि काखेत कातडी सोलते.

एक गोष्ट मात्र खोक्यावर छापलेली नसते. मारवाडात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं असतं. त्यात व्हेस्ट भिजवत राहिलं तर महिन्याभरात कापड कडक होतं, पांढरे डाग पडतात आणि पाणी धरायची ताकद घटते. शक्यतो नळाच्या पिण्याच्या पाण्यात भिजवा. कडक झालंच तर बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर टाकून तासभर ठेवा आणि साध्या पाण्यात खळबळून काढा. साबण पावडर आणि सॉफ्टनर दोन्ही वर्ज्य.

व्हेस्ट परवडत नसेल तर आपला पंचा आहेच. भिजवून गळ्याभोवती, दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचून. टोक बाहेर लोंबकळत ठेवायचं नाही, चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेलं तर गळ्याला फास.

पाण्याची पिशवी

पाठीवरची दोन-तीन लिटरची हायड्रेशन बॅग चांगलीच, पण निवडताना तोंड रुंद बघा, मूठ आत जाईल एवढं. बारीक तोंडाची पिशवी आतून घासता येत नाही. नळीवर जाड फोमचं आवरण हवं. ते नसेल तर नळीतला पहिला घोट चहासारखा येतो. त्यावर उपाय सोपा: पिऊन झालं की नळीत फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकलायचं.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोटाघोटाने. तहान लागायची वाट बघायची नाही. नुसतं पाणी तासन्‌तास पीत राहिलं तर अंगातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं. दर दोन-तीन तासांनी ओआरएस घ्या, पण जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेलं पाकीट, पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरमध्ये पूर्ण पाकीट टाकायचं नाही. टेट्रापॅकमधली गोड पेयं त्याची जागा घेत नाहीत. आणि ओआरएस किंवा सरबत वेगळ्या बाटलीत न्या. पिशवीत साखर गेली की उन्हात नळी आतून बुळबुळीत होते आणि काळी बुरशी धरते, मग ती फेकूनच द्यावी लागते.

उन्हात अंगावर काटा येणं, थंडी वाजल्यासारखं वाटणं, बोलताना अडखळणं, गिअर चुकायला लागणं ही लू लागल्याची, म्हणजे उष्माघाताची चिन्हं. पुढच्या गावापर्यंत रेटायचं नाही. सावली, जॅकेट-हेल्मेट बाहेर, मान-काख-जांघेत ओलं कापड, सतत वारा, आणि १०८ ला फोन. माणूस भानावर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

हेल्मेट, ग्लोव्हज, बूट

हेल्मेट जुनंच चालेल, पण पांढरं किंवा फिकट असेल तर उत्तम. आतली गादी निघणारी हवी, कारण मीठ आठवड्याला धुवावं लागतं. व्हायझरच्या आत धुकं धरू नये म्हणून पिनलॉकची काच लावलेली असेल तर मार्च ते जून ती काढून ठेवा. बारीक वाळू दोन काचांच्या मध्ये जाते आणि पाऊस नसल्यामुळे कळेपर्यंत ओरखडे पडलेले असतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा परत लावा.

कोल्हापुरी सवय म्हणजे व्हायझरवरचं पाणी ग्लोव्हजच्या पाठीने पुसणं. तिथे धुळीवर तसा हात फिरवला की काच गेली. आधी पाणी ओतायचं, मग पुसायचं. पूर्ण काळ्या व्हायझरचा मोह नको. मे-जूनला आंधी (धुळीचं वादळ) येते तेव्हा दुपारी चारला अंधारतं, आणि रात्री हायवेवर उंट आणि नीलगाय बिनदिव्याच्या. ४० च्या वर व्हायझर बंदच ठेवा, उघडला तर डोळे कोरडे पडतात.

ग्लोव्हज छिद्रं पाडलेल्या चामड्याचे, मनगट झाकणारे. मेशचे आखूड ग्लोव्हज घातले की मनगटावर उन्हाचा पट्टा भाजून निघतो. वॉटरप्रूफ बूट कोल्हापुरातच ठेवा. घोट्याच्या वर येणारे, पडदा नसलेले चामडी बूट घ्या, आणि रोज दोन जोड मोजे. राहता राहिली आपली चप्पल: ती जोधपुरात रविवारी नेहरू पार्कात फिरायला घाला, गाडीवर नको. तापलेल्या इंजिनाच्या कडेला उघडं पाऊल म्हणजे फोडांना आमंत्रण.

गाडी

गाडीच्या बाबतीत लोक वाळवंटाची तयारी करतात आणि पावसाचा हिशेब चुकता करायला विसरतात. चार पावसाळे काढलेल्या गाडीत पाणी बऱ्याच जागी मुरलेलं असतं, आणि ते उन्हात गेल्यावरच त्रास देतं.

पहिली जागा ब्रेक ऑइल. डॉट ४ या जातीचं ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं. हवेतलं पाणी पिऊन जुनं झालं की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. तापलेल्या कॅलिपरमध्ये (चाकावरच्या ब्रेकच्या पकडीत) ते उकळलं की बुडबुडे धरतात आणि ब्रेकचा लिव्हर थेट हँडलला टेकतो. निघण्याआधी पुढचं-मागचं दोन्ही पूर्ण बदला, वरून भर घालून भागत नाही. सीलबंद बाटली घ्या. गॅरेजमध्ये झाकण उघडून ठेवलेली बाटली म्हणजे परत पाणीच.

दुसरी जागा रेडिएटर, ज्यांच्या गाडीला आहे त्यांना. कोल्हापूरच्या गाड्यांच्या जाळीत लाल माती आणि ऊस हंगामातला पाला-चिपाड बसून वाळलेलं असतं. मागच्या बाजूने, बादलीच्या किंवा बागेच्या पाइपच्या साध्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर अ‍ॅल्युमिनियमचे पापुद्रे वाकतात आणि हवा कायमची अडते. कूलंट अर्धं-अर्धं मिश्रणाचं, आणि तयार मिसळलेलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. इथे पावसाळ्यात नळाचं पाणी घालून भागवलेलं असतं, ते चालून जातं. तिथे उतू जाऊन कूलंटच्या बाजूच्या टाकीत येतं. अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाची उकळी साध्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास, आणि झाकणाचा दाब धरला तर १२५ च्या पुढे जाते. म्हणून झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणच बदला, स्वस्तातली वस्तू आहे. गाडी जागेवर चालू ठेवून पंखा लागतो का तेही बघा. लागला नाही तर मोटरवर शंका घेण्याआधी कनेक्टर उघडा, बहुतेकदा पिनांवर हिरवं गंज साचलेलं असतं.

दगड लागू नयेत म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात (कारखान्यांच्या वस्तीत) रेडिएटरला जाळी करून घेतात. भोक आठ-दहा मिलिमीटरपेक्षा बारीक नको. बारीक जाळी दिसायला छान, पण गाडी गरम करते. उद्यमनगरात गेलात तर त्याऐवजी साइड स्टँडच्या पायाला दहा सेंटिमीटर चौरस, तीन मिलिमीटर जाडीची पट्टी बोल्टने बसवून घ्या. दुपारी डांबर मऊ होतं, बारीक पाय रुततो आणि सामान बांधलेली गाडी आडवी होते. वाळूत तर हमखास.

एअर फिल्टर ही वाळवंटातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तेल लावलेला कागदी फिल्टर असतो. त्याला हवा मारून साफ करायचं नसतं, बदलायचा असतो. कोरडा कागदी असेल तर आतून बाहेर, कमी दाबाने. फोमचा असेल तर रॉकेलने धुऊन, सुकवून, फिल्टर ऑइल लावून, हलक्या हाताने दाबून. मॅन्युअलमध्ये दिलेल्या निम्म्या किलोमीटरला बदलायचा हिशेब धरा आणि दोन फिल्टर इथूनच न्या. बसवताना डब्याच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ द्या. पुढच्या वेळी उघडल्यावर फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला बोट फिरवा. बोटाला किरकिर लागली तर धूळ कडेने आत जातेय, फिल्टर कितीही भारी असू दे.

चेनला कोल्हापुरात नव्वद नंबरचं ऑइल आठवड्याला ओततात. पावसात ते योग्य, पाण्याने धुऊन जात नाही. वाळूत तेच ऑइल आणि बारीक रेती मिळून घासायचा लेप होतो, स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात काही महिन्यांत सुईसारखे टोकदार होतात. निघण्याआधी रॉकेल आणि ब्रशने चेन पूर्ण धुवा. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल लावायचं नाही, रबर फुगतं. तिथे सुकं वॅक्स किंवा सिरॅमिक ल्यूब, गाडी चालवून चेन कोमट असताना आतल्या बाजूने पातळ थर, दहा मिनिटांनी बाहेरून फडक्याने पुसून. बोटाला चिकटलं तर जास्त झालं.

इंजिन ऑइलचा ग्रेड जाड करायचा सल्ला कोणी दिला तर आधी मॅन्युअल उघडा. रॉयल एनफिल्डच्या नव्या ३५० ला १५ डब्ल्यू ५० आहेच, ते उन्हासाठी पुरेसं. हिरोच्या १०० सीसीला १० डब्ल्यू ३० दिलेलं असतं, तिथे जाडीचा खेळ करण्यापेक्षा ऑइल लवकर बदलणं फायद्याचं.

टायरची हवा पहाटे, गाडी चालवण्याआधी बघा. दर दहा अंशांमागे दाब एक ते दीड पीएसआय वाढतो. दुपारी पंपावर जास्त दिसला म्हणून सोडायचा नाही. सोडला तर सकाळी कमी भरतो, कमी हवेत टायर जास्त वाकतो आणि आणखी तापतो. काट्यांची तयारी ठेवा, रस्त्याच्या कडेची विलायती बाभूळ बूटसुद्धा सोडत नाही. ट्यूबलेसला दोरीचा किट आणि छोटा पंप, स्पोकच्या चाकाला दोन ट्यूब आणि लिव्हर. पेट्रोल टाकी गळ्यापर्यंत भरू नका. १३ लिटर पेट्रोल २५ वरून ५० अंशांना गेलं तर पाव लिटरपेक्षा जास्त फुगतं आणि झाकणातून बाहेर येतं. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर इथेच बदला. उष्णतेत लेड-अ‍ॅसिड बॅटरी लवकर मरते, आणि ती मरते ती पूर्वसूचना न देता.

पाठवणी आणि कागद

गाडी चालवत नेली तर साधारण तेराशे किलोमीटर. पुणे-मुंबई एक्सप्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे, जुना रस्ता धरा. मे महिन्यात मात्र चालवत नेण्यापेक्षा रेल्वे पार्सलने पाठवणं शहाणपणाचं. टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते. आरसे, डिकी, इंडिकेटर काढून सोबत घ्या. पॅकिंगवाले पेंढा आणि गोणपाट सायलेन्सर-टाकीभोवती भरपूर गुंडाळतात, पण हँडलची टोकं आणि लिव्हर उघडे सोडतात, नेमके तेच वाकतात. तिथे जुनी सायकल ट्यूब स्वतः गुंडाळा. नाव, फोन आणि दोन्ही स्टेशनं पुठ्ठ्यावर मार्करने लिहून दोन बाजूंना बांधा, एक पुठ्ठा हमखास फाटतो.

एमएच ०९ ची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर राहणार असेल तर तिथलं पासिंग करून घ्यावं लागतं. त्यासाठी कोल्हापूर आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी लागते. फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिल छाप घ्यायचा असतो, आणि पावसाळी गाडीचा नंबर गंजाने बुजलेला असतो. वायर ब्रश लावू नका, अंक झिजतात. रॉकेलचं फडकं रात्रभर बांधून ठेवा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने साफ करा. जुनी ई-चलनं भरलेली असावीत, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आधी. इथे भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागता येतो, पण तिथे कर भरून आरजे १९ चा नंबर पडल्यानंतरच. त्यामुळे कोल्हापूरच्या मूळ कराच्या पावत्या फाईलमधून काढून सोबत न्या आणि विमा कंपनीला नवा नंबर लगेच कळवा.